आपत्ती सर

आपत्ती व्यवस्थापन समितीचं समन्वयकपद कोणी मागून घेत नाही. वेळापत्रकात ज्याचे तास कमी भरतात, त्याच्या गळ्यात ते पडतं. गंगापूर रोड, कॉलेज रोड, दिंडोरी रोड, पंचवटी एवढ्या पट्ट्यातच नाशिकमध्ये शिक्षणसंस्था इतक्या दाटल्या आहेत की असा समन्वयक दर चौकाला एक तरी भेटावा. बहुतेक जण १३ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय आपत्ती निवारण दिनी, एक फोटो काढतात आणि वर्षाअखेरीस तोच अहवालात डकवून मोकळे होतात. आमच्या आवारातल्या सरांनी मात्र हे पद मनाला लावून घेतलं. विषय त्यांचा वनस्पतिशास्त्र, पण पोरांनी त्यांच्याकडून शेवाळापेक्षा शॉर्टसर्किटबद्दल जास्त ऐकलंय. पोरं त्यांना ‘आपत्ती सर’ म्हणतात. ते जिना चढू लागले की वरून आरोळी येते, ‘आपत्ती आली रे!’ त्यानंतर पोरं ज्या वेगाने पांगतात ते पाहून सरांना वाटतं, आपलं प्रशिक्षण फळाला येतंय.

सरांच्या गळ्यात ओळखपत्राच्या जोडीला शिट्टी असते. खिशात टॉर्च आणि एक वही. ११२ सगळ्यांसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०१ अग्निशमनासाठी, १०७७ जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष, १९२६ वनविभाग, हे ते शुभंकरोतीसारखं म्हणतात. लग्नाला गेले तरी आधी मंगल कार्यालयातलं आग विझवायचं लाल नळकांडं शोधतात, काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघतात, भरल्याची तारीख वाचतात आणि मगच आहेराचं पाकीट काढतात. मुदत उलटलेली निघाली तर वधूपित्याला कोपऱ्यात घेतात. एकदा असंच कोपऱ्यात घेतल्यावर तो बिचारा घामाघूम झाला होता. त्याला वाटलं, ऐन वेळी मुलाकडच्यांचं काही निघालं.

भूकंपाचंही तेच. पेठ, सुरगाणा, दिंडोरी भागात अधूनमधून सौम्य धक्के बसतात आणि ‘मेरी’ या संशोधन संस्थेच्या केंद्रात त्यांची नोंद होते. ती बातमी सर कात्रण करून ठेवतात. विद्यापरिषदेच्या एका बैठकीत खालून खडीचा डंपर गेला, काचा थरथरल्या आणि सर नियमानुसार टेबलाखाली गेले. बाकीच्यांना वाटलं, पेन पडलं असेल. खालून आवाज आला, ‘डोकं झाका, डोकं झाका!’ कुलसचिवांनी टेबलाखाली वाकून शांतपणे विचारलं, ‘सर, विषय क्रमांक पाचला तुमची मान्यता आहे ना?’

विद्यापीठात खरी आणीबाणी एकच असते, मूल्यांकनाला येणारी नॅकची समिती. ती येणार म्हटलं की नळकांडी भरली जातात, इमारतीबाहेर पडायचे बाण भिंतीवर उमटतात, आणि आग लागल्यास एकत्र जमण्याच्या जागेवर उभ्या असलेल्या मोटारी हलतात. समिती गेली की मोटारी परत येतात. सर हे जाणून आहेत. इतर वेळी ज्या नस्तीवर वर्षभर ‘चर्चा करावी’ एवढाच शेरा असतो, ती नॅकच्या महिन्यात दुपारी मान्य होऊन येते. सर म्हणतात, ‘आग दर पाच वर्षांनी लागली तरी चालेल, पण नॅक दर वर्षी यावी.’

मी मराठी शिकवतो. म्हणून तातडीच्या सूचनांचे मसुदे सर माझ्याकडे शुद्धलेखनाला आणतात. त्यांच्या कार्यपद्धतीनुसार कोणतीही तातडीची सूचना समन्वयकाकडून विभागप्रमुखाकडे, तिथून उपकुलसचिव, कुलसचिव असा प्रवास करते, तिला जावक क्रमांक पडतो आणि मग ती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर उतरते. सूचनेची सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी. दुसऱ्या परिच्छेदात अफवांवर विश्वास न ठेवण्याचं आवाहन. तिसऱ्यात सर्वांनी शांतता राखावी. काय झालंय ते चौथ्यात. मी एकदा म्हटलं, ‘सर, ‘प्रयोगशाळेत वायुगळती, बाहेर पडा’ एवढंच लिहिलं तर?’ सरांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. ‘लोक घाबरतील ना!’

आता यात गंमत अशी की उशिराची किंमत आमच्या आवारात कोणाला कळत असेल तर ती सरांनाच. १६ एप्रिल २००७ ला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात काय झालं, ते सांगताना त्यांचा आवाज उतरतो. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यार्थ्यांना पहिला ई-मेल गेला नऊ सव्वीसला. त्यानंतर थोड्याच मिनिटांत दुसऱ्या इमारतीत आणखी तीस जण मारले गेले. आवारातल्या गुन्ह्यांची सूचना वेळेवर द्यायचा कायदा तिथे १९९० पासून होता, तरीही. ‘दोन तास, सर, दोन तास,’ ते म्हणतात आणि थोडा वेळ गप्प बसतात. मग वही उघडून विचारतात, ‘उपकुलसचिव रजेवर असतील तर सही कोणाची घ्यायची, ते आपण ठरवलंय का?’ मला त्या वेळी हसू येत नाही. माणूस प्रामाणिक आहे. फक्त तातडी आणि पद्धत या दोघींशी त्याने एकदम संसार मांडलाय.

म्हणून जुलै २०२३ मध्ये दूरसंचार विभागाच्या आपत्कालीन संदेशाच्या चाचणीत सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, तेव्हा सर हरखून गेले. स्टाफरूममध्ये गोंधळ. एकीचा चहा सांडला, एकाने फोनच खिडकीतून टाकायची तयारी केली. सर मात्र फोन छातीशी धरून उभे. ना सही, ना जावक क्रमांक, ना ‘उपरोक्त’. पण संदेश वाचला आणि चेहरा पडला. कारण त्यात लिहिलं होतं की ही चाचणी आहे, काही करायची गरज नाही. ‘एवढं ओरडून सांगायचं आणि काय, तर दुर्लक्ष करा!’ त्यांचं हे दुःख अजून ताजं आहे.

पावसाळा हा सरांचा हंगाम. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की ते क्युसेकमध्ये बोलायला लागतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. होळकर पुलाखालून किती पाणी जातंय याचे आकडे ते दर तासाला गटावर टाकतात. त्याखाली हमखास एकच प्रश्न येतो, ‘सर, दुतोंड्याला कुठपर्यंत?’

सरांना हा प्रश्न झोंबतो. शिकली-सवरलेली माणसं पूर मारुतीवर मोजतात! पण नाशिकची ही पद्धत काही आजची नाही. गोदाघाटावर पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती, त्याच्या गुडघ्याला पाणी आलं, कमरेला आलं, छातीला आलं, एवढ्यावर भांडी बाजार आणि सराफ बाजार आपापला माल उचलायचं ठरवतात. नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागलं की महापूर, असं जुनी माणसं सांगतात. २००८, २०१६, २०१९, प्रत्येक पुरात अख्ख्या शहराने हीच मोजपट्टी वापरली. तिला जावक क्रमांक नाही आणि तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सर म्हणतात, हे अशास्त्रीय आहे. ऐन श्रावणात मी त्यांना जिन्याखाली फोनवर बोलताना ऐकलं. पंचवटीत राहणाऱ्या बहिणीला विचारत होते, ‘अगं ताई, कमरेच्या वर गेलं का?’

आमचं आवार टेकाडावर आहे. गोदावरी इथपर्यंत आली तर समजायचं, खाली नाशिक उरलेलं नाही. तरीही भांडारात बारा लाइफ जॅकेटं आहेत. ती मापाने लहान निघाली. एक मला घालून पाहायला दिलं होतं, ते काढायला दोन शिपाई लागले.

केंद्र सरकारने ७ मे २०२५ साठी देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल जाहीर केली आणि यादीत नाशिकचं नाव आलं. सरांनी त्या दिवशी नवा शर्ट घातला. अडचण एवढीच होती की सुट्टी लागलेली, आवारात विद्यार्थीच नाहीत. होते ते फक्त पेपर तपासणारे प्राध्यापक. सरांनी दारात उभं राहून शिट्टी वाजवली, ‘सर्वांनी ताबडतोब बाहेर पडा!’ कोणी मान वर केली नाही. केंद्रप्रमुख आले. म्हणाले, ‘सर, उत्तरपत्रिका सोडून बाहेर जाता येत नाही. नियम आहे.’

‘मग घेऊन बाहेर पडा.’

‘घेऊन तर अजिबात जाता येत नाही. तोही नियम आहे.’

सरांनी दोन्ही नियम मागवून वाचले. दोन्ही खरे होते. खुद्द आग लागली असती तरी तो पेच सुटला नसता. शेवटी एक तोडगा निघाला. प्राध्यापकांनी जागेवर बसूनच आपण बाहेर पडलो आहोत असं समजावं आणि हजेरीपत्रकावर तशी सही करावी. बाहेर, जमण्याच्या जागेवर, सर एकटे उभे राहिले आणि त्यांनी मोजणी केली. कागदावर सगळे सुखरूप होते. शेजारच्या संस्थेतली काही पोरं गर्दी होणार म्हणून वडापावच्या आशेने आली होती. तीही मोजणीत धरली गेली, त्यामुळे इमारतीत होते त्याहून जास्त लोक वाचले.

आणि मग बिबट्या. नाशिकला बिबट्या नवा नाही. उसातून, मळ्यांतून तो शहरात शिरतो. २५ जानेवारी २०१९ ला गंगापूर रोडवरच्या सावरकरनगरात भरदिवसा आला, माणसं जखमी झाली आणि त्याला पाहायला हीऽ गर्दी. सरांनी त्यावर आराखडा लिहिला होता, परिशिष्टांसकट. दूर राहा, पाठलाग करू नका, पळू नका, वनविभागाला कळवा. एकही ओळ चुकीची नव्हती.

आमच्याकडे तो आला पहाटे, थंडीत, रोपवाटिकेच्या बाजूने. पाहिला फाटकावरच्या मामांनी. मामा रात्रपाळीचे, आराखडा त्यांना कोणी दाखवलेला नाही. त्यांनी डब्याची स्टीलची थाळी उचलली, काठीने बडवली आणि मुलींच्या वसतिगृहाकडे तोंड करून ओरडले, ‘बिबट्याऽ! दारं लावा!’ चार शब्दसुद्धा नाहीत. रेक्टरबाईंनी दारं लावून घेतली, पोरी खिडक्यांवर, आणि बिबट्या त्या आवाजाने कुंपणावरून आला तसा गेला. सरांची सूचना गटावर उतरली सकाळी पावणेबाराला, जावक क्रमांकासह. ‘आवारात बिबट्यासदृश वन्यप्राणी आढळल्याचे निदर्शनास आणून देण्यात आले असून...’ पुढचं कोणी वाचलं नाही. कँटीनमध्ये तोवर मामांची गोष्ट तिसऱ्यांदा सांगून झाली होती आणि बिबट्याची लांबी दीडपट झाली होती.

दुसरा कोणी असता तर रुसला असता. सर रुसले नाहीत. मामांना बोलावून त्यांनी थाळीचा व्यास मोजला, काठी कोणत्या झाडाची ते विचारलं (साग निघाला, सरांना बरं वाटलं), आणि आराखड्याला नवं परिशिष्ट जोडलं: ‘थाळी, स्टील, नग १’. भांडी बाजारातून तीन दरपत्रकं मागवली. सर्वांत कमी दराची थाळी आली. डेडस्टॉक रजिस्टरला चढली, तिच्या पाठीवर रंगाने क्रमांक पडला आणि ती समितीच्या कपाटात कुलूपबंद झाली. ताबा मिळाल्याची सही करताना मामांनी विचारलं, ‘सर, रात्री परत आला तर कपाट उघडायचं कोणी?’

प्रश्न रास्त होता. सरांनी वही काढली. किल्लीची उपसमिती पुढच्या गुरुवारी बसते आहे. मामांना निमंत्रित सदस्य म्हणून बोलावलंय, पण बैठक दुपारी आहे आणि मामा तेव्हा झोपलेले असतात.