इडियमबहाद्दर

इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत, तगाईच्या दप्तराआड, असा एखादा अव्वल कारकून हटकून आढळे, की ज्याने तर्खडकरांच्या पाठमालेवर आपली विद्यार्थिदशा आणि मॅकमोर्डीच्या इडियम्सच्या पुस्तकावर उर्वरित आयुष्य ओवाळून टाकलेले असे. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरणही त्याच्या संग्रही होते. परंतु मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या या रेनसाहेबाने १९२४ साली ‘बो जेस्ट’ नावाची फ्रेंच पलटणीतली कादंबरी लिहिल्याचे कानी आल्यापासून त्या व्याकरणावरची त्याची निष्ठा डळमळली होती.

सामान्य माणसावर आधी प्रसंग येतो आणि मग त्यास शब्द सुचतात. या गृहस्थाचा क्रम उलटा. रात्री कंदिलाशी बसून पाठ केलेला वाक्प्रचार दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी अंगावर घातल्यावाचून त्यास अन्न गोड लागत नसे, आणि तदनुरूप प्रसंग दैवाने पुरवला नाही, तर तो स्वतः निर्माण करी. ‘बरी द हॅचेट’ म्हणता यावे म्हणून त्याने तलाठ्याशी विनाकारण तंटा उकरून काढला. तो इतका विकोपास गेला, की समेटाची वेळ येईपर्यंत तलाठ्याची बदली झाली. ‘किक द बकेट’ मात्र त्याने दुखवट्याच्या बैठकीत, दिवंगताच्या थोरल्या चिरंजिवांचा हात हाती घेऊन, अत्यंत सद्गदित स्वरात वापरले. चिरंजीव मॅट्रिक नापास होते म्हणून निभावले.

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ त्याने खाशा गोऱ्या साहेबासाठी राखून ठेवले होते. आषाढात अतिवृष्टीच्या पाहणीस आलेले कलेक्टरसाहेब कचेरीच्या ओसरीवर उभे राहताच त्याने घसा साफ करून ते सोडले. साहेबांचा चेहरा उजळला, कारण आय.सी.एस. मंडळींस मराठीची परीक्षा द्यावी लागे, आणि मॅनवेअरिंग पाद्र्याने १८९९ साली प्रसिद्ध केलेला मराठी म्हणींचा संग्रह उशाशी घेऊन निजणाऱ्या त्या गृहस्थासही बरेच दिवसांत गिऱ्हाईक लाभले नव्हते.

“दुष्काळात तेरावा महिना!” त्या मुसळधार पावसाकडे बोट दाखवून साहेब उत्साहाने उद्गारले.

मग एकाने इंग्रजी टाकावे, दुसऱ्याने मराठी परतवावे, असे घटकाभर चालले. अंगणात इरली पांघरून, शेतसाऱ्याच्या तहकुबीचे अर्ज काखेत सांभाळीत उभी असलेली कुळे आपल्या नशिबाचा अंदाज त्या दोघांच्या हातवाऱ्यांवरून बांधू लागली. अखेर त्यांतल्या एका म्हाताऱ्याने निवाडा दिला, की भांडण बहुधा बांधाचे असावे.