अपक्षांना भिंतीत चिणा

आपल्याकडे चित्रगुप्त वही उघडून विचारतो, "केलंस काय?" 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातल्या 'फरगॉटन रेल्म्स' नावाच्या जगात मेल्यावर विचारतात, "तुम्ही कोणाचे?" आत्म्याचा निकाल या एका प्रश्नावर.

समजा, तुम्ही खुनाचा देव भाल याचे निष्ठावंत. जन्मभर माणसं कापली. हरकत नाही, साहेबांचा दूत येतो आणि तुम्हाला मानाने घेऊन जातो. रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईने आयुष्यभर आजाऱ्यांची सेवा केली, पण देव कुठलाच मानला नाही. तिला भिंतीत चिणतात. विटेच्या जागी बाई, आणि मग तिथेच हळूहळू विरून जायचं. दुर्जन चालेल, अपक्ष नको.

न्यायाच्या खुर्चीवर केलेमव्होर. हा मूळचा भाडोत्री लढवय्या, पुढे देव झाला. नवा नवा असताना सज्जनांना सवलत देऊ लागला, तर बाकीच्या देवांनी त्यालाच पिंजऱ्यात उभं केलं. लोकांची मरणाची भीती गेली, तर आमची आरती कोण करणार? गडी वठणीवर आला. आता नियमावर बोट ठेवून निकाल देतो.

शेजारी नोंदी करत बसलाय तो जर्गल. एके काळी मृत्यूचं खातं याच्याचकडे होतं. कंटाळून त्याने सगळी खाती वाटून टाकली. मग मिर्कुल आला, गेला. सिरिक आला, गेला. केलेमव्होर आला. जर्गलची लेखणी चालूच. मंत्रालयात खेटे घातलेल्या वाचकाला त्याची ओळख करून द्यायला नको.

मृतांच्या या दरबारात शिरणाऱ्या घुसखोरांबाबतही धोरण ठरलेलं आहे. राक्षसांची एक जात दार फोडून घुसते, आत्मे पळवते, तिच्याशी लढाई. दुसरी जात करारपत्र घेऊन रांगेत फिरते: "भिंतीत जाण्यापेक्षा इथे सही करा." तिला खुद्द दरबाराची मुभा. आवारातले एजंट, दुसरं काय!

2007 च्या 'मास्क ऑफ द बिट्रेयर' या संगणकीय खेळात खेळाडू या भिंतीवर चाल करून जाऊ शकतो, पाडू मात्र शकत नाही. ते काम मूळ खेळाच्या प्रकाशकाने केलं. 2015 च्या 'सोर्ड कोस्ट ॲडव्हेंचरर्स गाइड' या पुस्तकातलं भिंतीचं वाक्य 2020 मध्ये शुद्धिपत्रक काढून वगळलं. आधी चिणलेल्यांचं काय, याबद्दल शुद्धिपत्रकात अवाक्षर नाही.