स्क्रू उरला तर काय करावे?

मोबाईलचा आतला भाग बदलून फोन बंद केला की एक स्क्रू उरतोच. घाबरू नये, काडेपेटीत ठेवावा. भीती बाळगायची ती चुकीच्या जागी बसलेल्या स्क्रूची. आखूडच्या भोकात लांब स्क्रू पिळला की तो थेट खालच्या बोर्डात घुसतो, आणि मग काडेपेटी कामाला येत नाही.

नवा फोल्डर (डिस्प्लेला दुकानदार फोल्डर म्हणतात, तुम्हीही म्हणा, निम्मी विद्या तिथेच येते) बसवल्यावर टच चालेना, तर बहुधा त्याच्या पट्टीचं टोक नीट बसलेलं नाही. आधी बॅटरी सोडवा, मग ते टोक बारीक ‘टक’ होईपर्यंत दाबा. आमच्या सूर्यमाळला पावसाळ्यात पत्र्यावरच्या सरींपुढे तो टक ऐकू येत नाही. दिवाळीनंतर ऐका.

फोन कानापासून दूर नेला तरी स्क्रीन काळीच? सेन्सरभोवतीचं चिमुकलं रबर जुन्या फोल्डरलाच चिकटून गेलं असणार. जुना फोल्डर टाकून दिला असेल तर उकिरड्याकडे निघा.

आता खरं दुखणं: रेंज. अँटेनाची वायर शेवईएवढी, टोकाला मोहरीएवढं बटण. ते सुटलं की कांड्या गेल्या. इतर गावी निदान सोपं. इथे फोन बिघडलाय की सूर्यमाळ नेहमीसारखं आहे, हे ठरवायचं कसं? १ ऑगस्ट २०१४ ला आमचा अख्खा जिल्हा बदलला, ठाण्याचा पालघर झाला. पडवीतली कांडी एकची दोन झाली नाही. भाच्याने जोडलेला फोन मी चारदा उघडला, चारदा त्याचा उद्धार केला. पाचव्यांदा उघडताना शेजारचा पोरगा म्हणाला, “काका, सोमवारपासून टॉवरच बंद हाय.”

म्हणून आधी *#०६# दाबा. पंधरा आकडे उमटले तर फोनचं डोकं बहुधा शाबूत. मग तुमचं सिम शेजाऱ्याच्या फोनात घालून दोघांनी माळावर चढा. तिथे त्याच्या फोनात रेंज आली आणि तेच सिम तुमच्या फोनात मुकंच राहिलं, तरच बटणाकडे बघा.

आतला पांढरा ठिपका लाल झाला असेल तर फोनला पाणी लागलंय. तो नागलीच्या कणगीत पुरू नका. ओल आतच राहते, वर चार्जिंगच्या भोकात दाणे जातात. वरईचा दाणा तर असा बसतो की दुकानदारही त्याला पार्ट समजतो.

एवढ्यावरही शंका उरली तर मला फोन करू नका, लागणार नाही. खोडाळ्यावरून समक्ष या, आणि काडेपेटी घेऊन या. तुमचा स्क्रू माझ्या फोनचा आहे का पाहू.