नागपंचमीपर्यंत कुणी थांबेना

परवा आत्याला चक्कर येत होती म्हणून एका मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" आत्या सावरून बसली. "त्याचं असं झालं, नागपंचमीच्या आदल्या दिवशी..."

"पोट साफ होतं?"

नागपंचमी तिथेच राहिली. चिठ्ठी हातात पडली.

बाहेर येतो न येतो तोच एका मुलीने टॅब पुढे केला. ‘डॉक्टरांशी संवाद कसा वाटला?’ खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आत्याने सर्वांत हसरा चेहरा दाबला. मी भुवया उंचावल्या. "अरे, उद्या सुई टोचायला तेच असतील ना!"

हा रोग आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकल यांनी १९८४ साली चक्क सेकंद मोजले. पेशंटचं बोलणं डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत तोडत होते. २०१८ साली तिकडच्याच दुसऱ्या अभ्यासात आकडा निघाला ११. मधल्या काळात संवादकौशल्यावर पुस्तकं आली, कार्यशाळा झाल्या. सात सेकंद वाचले, हे काय कमी आहे? आपल्याकडेही २०१९ पासून एमबीबीएसला संवाद शिकवतात. शिकलेला डॉक्टर मग ओपीडीत बसतो आणि बाहेर साठ टोकन असतात. २०१७ च्या एका पाहणीनुसार स्वीडनमध्ये डॉक्टर एका पेशंटला २२ मिनिटं देतात, भारतात साधारण दोन. दोन मिनिटांत सगळा श्रावण कसा मावणार? म्हणून वेळ वाढवण्यापेक्षा टॅब स्वस्त.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आत्याने विचारलं, "हे १-०-१ म्हणजे काय रे बाबा?"

"सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. जेवणानंतर. काय होतंय, आजी?"

झालं. नागपंचमी पुन्हा सुरू. मागे सहा गिऱ्हाईकं ताटकळलेली, पण पोरगं कात्रीने गोळ्यांची पट्टी कापत ऐकत होतं. कापता कापता थांबलं. "म्हणजे बीपीची गोळी बदलल्यापासून चक्कर येतेय? हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"तेच तर सांगत होते!"

धावत परत गेलो. डॉक्टर राउंडला गेलेले. दारात तीच मुलगी, तोच टॅब. म्हटलं, निदान तो चेहरा तरी बदलून द्या.

"सॉरी सर, एका केसपेपरला एकदाच नोंदवता येतो. आजींचा झालाय." तिने टॅबवर बोट फिरवून खात्री केली. "संवाद उत्तम."