बिनखात्याची देवी

मुंबईच्या भुयारी मेट्रोत धारावी मागं पडलं, की कुठल्याच गावची नसलेली एक नितळ बाई हवेतून सांगते की पुढचं स्थानक शीतला देवी मंदिर. डब्यातली माणसं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. दादरला उतरणारे तेवढे दाराकडे सरकायच्या तयारीला लागतात. मी मात्र दर खेपेला थोडा दचकतो. ज्या बाईंचं नाव माझ्या आजीच्या घरात कुजबुजीच्या वर कुणी चढवत नसे, त्यांच्या नावाची पाटी आता जमिनीच्या पोटात लख्ख दिव्यांखाली लावली आहे, आणि माहीमची माणसं पिशव्या सावरत तिच्याखालून सरकत्या जिन्यानं वर-खाली करतात. हे स्थानक २०२५च्या मे महिन्यात सुरू झालं. तेव्हा देवीला सेवानिवृत्त होऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती, आणि योगायोग असा की निवृत्तीचा महिनाही मेच होता.

शीतलादेवी ही देवीच्या रोगाची देवता. हे वाक्य जरा विचित्र वाटतं, पण त्याला इलाज नाही, कारण मराठीत रोगाचं नाव देवी आणि देवीचं नावही देवीच. बाकीच्या देवांकडे विद्या, धन, विघ्न, पाऊस अशी ऐसपैस खाती. हिच्याकडे अंगावर फोड आणणं आणि ते उतरवणं एवढं एकच खातं, तेही दुतर्फी. वाहन म्हणावं तर गाढव. हातात केरसुणी आणि पाण्याचा कलश, डोक्यावर सूप. विष्णूच्या शंख-चक्र-गदा-पद्मासमोर हा सरंजाम पाहिला, की वाटतं, देवांची वाटणी होत असताना ही बाई अंगण झाडत होती आणि आत येईपर्यंत मोर, हंस, सिंह, गरुड सगळे वाटून झाले होते. उरलं ते गाढव ती काही न बोलता घेऊन गेली असावी. पुढं गावोगावच्या लोकांना जी तिची दहशत बसली, तिच्यामागं हा जुना अपमान असेल का, असं मला लहानपणी वाटायचं. अजूनही अधूनमधून वाटतं.

आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. पहिल्या वळवाचे चार टपोरे थेंब धुळीच्या अंगणात पडतात आणि पाऊस पुढच्या गावाला निघून जातो, तेव्हा ते अंगण जसं दिसतं, तसा तो चेहरा. ती पाच वर्षांची असताना तिच्या सातारकडच्या माहेरी देवी आल्या होत्या. त्याच पंधरवड्यात तिचा दोन वर्षांचा भाऊ गेला. पण त्याला कुणी ‘गेला’ म्हणत नसे, ‘बायांनी नेला’ म्हणत, जणू कुणा मावशीनं चार दिवस आजोळी नेला आहे. मी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिच्या गालावरच्या खळग्यांत करंगळी ठेवत असे आणि मोजता मोजता झोपून जात असे. सतराच्या पुढं कधी गेलो नाही.

देवी घरात आल्या की घर कसं वागायचं, याचे नियम तिला तोंडपाठ होते. फोडणी द्यायची नाही, देवीला ठसका चालत नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. नवरा-बायकोनं भांडायचं नाही (त्या पंधरवड्यापुरती पुष्कळ घरं सुखी झाली असतील). उंबऱ्याला आणि अंथरुणाला कडुनिंबाचा पाला, नैवेद्याला गार दहीभात. थोडक्यात, फार मानाची आणि फार तापट विहीणबाई मुक्कामाला आली असावी, असं सगळं. तिला हवं-नको बघायचं, तिच्या आवडीचं वाढायचं आणि मनात एकसारखं म्हणायचं, बाई गं, आता नीघ. जगातली बहुतेक पूजा देव जवळ यावा म्हणून चालते. ही एकच पूजा देव जावा म्हणून चालायची. आणि तेही तोंडानं म्हणायची सोय नाही, कारण आपल्याकडे कुणालाच ‘जा’ म्हणत नाहीत. निघणारा ‘येतो’ म्हणतो आणि घरातले ‘या’ म्हणतात. आजीच्या माहेरच्या बायकांनी यावर एक तोडगा काढला होता. खपल्या धरल्या, मूल उठून बसलं, की देवीची ओटी भरायची, हात जोडायचे आणि गप्प राहायचं. देवळात गेलं तरी तसंच. बाकी कुठल्याही देवाला निरोप देताना ‘येते’ म्हणावं. या एकीला म्हणू नये. न जाणो, तिनं ते आमंत्रण समजलं तर?

देवीचे वाईट दिवस मात्र मुंबईतच सुरू झाले होते, आणि तेही आजीच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधी. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर मुंबईत लस टोचली, ती हिंदुस्थानातली पहिली. जेन्नरनं इंग्लंडात १७९६ साली गाईच्या फोडांतून काढलेली ती युक्ती बगदाद-बसऱ्याच्या वाटेनं एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचली जात इथवर पोचली होती. म्हणजे गाढवावर बसणाऱ्या देवीला अखेर गाईनं हरवलं. पुराणकारांना हे आधी सुचलं असतं तर त्यांनी यावर दोन अध्याय सहज खर्ची घातले असते. आपल्या भाषेनं मात्र देवीचा मान इथंही राखला. लस घेण्याला आपण ‘देवी काढणं’ म्हणालो, टोचायला येणारा तो देवीचा डॉक्टर. तो आळीत शिरला की पोरं माळ्यावर, कणगीमागं, मिळेल तिथं दडत. खरी देवी आल्यावर असं दडता आलं असतं तर काय पाहिजे होतं!

पुढं १९६२ साली सरकारनं साऱ्या देशात मोहीम उघडली. तिला मराठीत नाव पडलं ‘देवी निर्मूलन’. आता विचार करा, ज्या देशात देवाच्या चित्राचा कोपरा दुमडला तरी मोर्चा निघतो, त्या देशाचं सरकार पंधरा वर्षं उघड-उघड देवीचं निर्मूलन करत होतं, भिंती रंगवून तसं सांगत होतं, आणि एकानंही हरकत घेतली नाही! मोहिमेची माणसं फोड आलेल्या बाळाचं चित्र हातात धरून दारोदार विचारत फिरायची, ही कुठं दिसली का? पोलिसांनी फरारी माणसाचं चित्र दाखवावं तसं. देवीचा रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस होतं आणि १९७५ साली ते हजार रुपयांवर गेलं. एरवी देवीचं दर्शन लवकर व्हावं म्हणून माणूस खिशात हात घालतो; इथं देवी दाखवल्याबद्दल सरकार पैसे देत होतं, आणि देवी काही सापडेना. त्याच वर्षी भारतात तिची शेवटची खूण दिसली. १९७७ साली सोमालियात ती निसर्गात शेवटची दिसली. १९७८ साली मात्र इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या एका प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या एका छायाचित्रकार बाईंना तिनं जाता जाता नेलं, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं जाहीर केलं, की जग देवीमुक्त झालं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. पेपर हातात घेऊन आजीकडे धावलो. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, ‘‘आजी, देवी गेल्या! साऱ्या जगातून गेल्या, छापून आलंय.’’ मला वाटलं होतं, ती हात जोडेल, निदान त्या दोन वर्षांच्या भावासाठी डोळ्यांना पदर लावेल. तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला आणि विचारलं, ‘‘जाताना काय म्हणाल्या रे? जाते म्हणाल्या, का येते म्हणाल्या?’’

पेपरात ते दिलं नव्हतं.

एक खरं, की जुन्या देवांपैकी अडचणीत आलेली ही एकटीच नाही. इंद्राचं काम तर कृष्णानं गोवर्धनाच्या वेळीच कमी केलं होतं. उरलंसुरलं हवामान खात्यानं नेलं. तिकडं वेंगुर्ल्याजवळ आरवलीला, म्हणजे जयवंत दळवींच्या गावी, वेतोबा आहे. तो रात्रभर गावाची राखण करत हिंडतो, म्हणून लोक त्याला भल्या मोठ्या वहाणा वाहतात. त्या झिजतात, मग नव्या वाहतात. आता कोपऱ्या-कोपऱ्यावर कॅमेरे आले, तरी त्याच्या वहाणांना मागणी कमी झालेली नाही, आणि आमच्या सोसायटीच्या रखवालदाराच्या चपला तीन वर्षं तशाच कोऱ्या आहेत, एवढंच मी सांगू शकतो. मला खरी काळजी वाटते ती सटवाईची. बाळाच्या सहाव्या रात्री यायचं आणि कपाळावर नशीब लिहायचं, हे तिचं काम. घरच्या बायका पाटाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवून रात्र जागवायच्या. आता बाळ जन्मतं इस्पितळात, तिथून कधी आजोळी जातं, कधी आईच्या पाचव्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरी. त्या बिचारीनं पत्ता कुठं विचारायचा? खाली वहीत नाव, वेळ, कुणाकडे आणि कामाचं स्वरूप लिहायला लावतात. ‘कामाचं स्वरूप’ या रकान्यात ती काय लिहीत असेल? माझ्या नातीच्या सहाव्या रात्री लेकीनं कागद ठेवला, पण घरात दौत-टाक कुठला! बॉलपेनही सापडेना. शेवटी तिनं कागदावर मोबाइल ठेवला. सकाळी त्याची बॅटरी उतरलेली होती, आणि आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प झालो.

उलट, रोगांच्या खात्यात नवी भरतीही चालू आहे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात १९९७ साली एड्सम्मा नावाची देवी बसली. कोइमतूरला प्लेगची मरिअम्मा पूर्वीपासून होती. २०२१ साली तिथंच काळ्या पाषाणाची करोनादेवी आली. मला या बायांबद्दल काही म्हणायचं नाही, पण शीतलादेवीच्या बाजूनं जरा वाईट वाटलं. हाताशी केरसुणी, कलश, सूप असं सगळं साहित्य असलेली, एवढ्या वर्षांच्या अनुभवाची बाई घरी बसलेली असताना तिला अतिरिक्त कार्यभार द्यायचा, की सरळ नवी नेमणूक करायची? मंत्रिमंडळात ज्याला खातं नसतं त्याला निदान गाडी मिळते. हिच्याकडे ते गाढव होतं, पण माहीममध्ये ते आता उभं कुठं करणार?

आणि देवी पुरती गेली, असंही नाही. तिचे शेवटचे विषाणू जगात अधिकृतपणे दोन ठिकाणी ठेवले आहेत. एक अमेरिकेत अटलांटाला, दुसरं रशियात, सायबेरियातल्या कोल्त्सोवोला. कुलपात, पहाऱ्यात, कडेकोट गारठ्यात. शीतला या नावाचा अर्थ थंडावा देणारी. आपण शतकानुशतकं तिला दहीभात, गार पाणी, कडुनिंबाचा पाला देत आलो, पण तिच्या नावाला शोभेल असा थंडावा तिला अखेर शास्त्रज्ञांनी दिला. तिथली तिची पूजाही मोठी सोवळ्यातली असणार: अंगभर पोशाख, हातमोजे, दोन-दोन दारं, आणि मोठ्यानं न बोलणं. फोडणीचा प्रश्नच नाही. हे शेवटचे साठेही नष्ट करायचे, असं ठरलं होतं. १९९३ची मुदत होती, ती टळली. मग १९९९ची होती, तीही पुढं गेली. त्यानंतर मोठमोठे विद्वान सभेला बसतात, या बाजूनं आणि त्या बाजूनं बोलतात, आणि निर्णय पुढच्या खेपेवर टाकून चहाला उठतात. तोंडावर ‘जा’ म्हणणं कुणालाच जमत नाही, हे पाहून मला आजीच्या माहेरच्या त्या बायकांची आठवण येते.

परवा मुद्दाम त्या स्थानकावर उतरलो. भुयारात छान गार होतं. वर माहीमचं ऊन, हॉर्न, फुलवाल्या. देवळात फारशी गर्दी नव्हती. एक तरुण आई कांजिण्यांतून उठलेल्या मुलाला घेऊन आली होती. त्याच्या गालावर दोन-तीन खपल्या आणि हातात बिस्किटाचा पुडा. तिच्या दंडावर देवीची खूण नव्हती, असणार कुठून? माझ्या डाव्या दंडावर आहे, रुपयाएवढी; शाळेच्या दाखल्यावर ती ‘ओळखीची खूण’ म्हणून नोंदवलेली आहे. त्या बाईनं दहीभाताची वाटी ठेवली, मुलाचे हात जुळवले आणि काही न बोलता बराच वेळ उभी राहिली. तिनं काय मागितलं ते कळलं नाही. या देवीपुढं मागण्यासारखं खरं तर आता काही उरलेलं नाही. जे मागायचं ते तिनं देऊन झालं आहे, लोकांना ते घेतल्याची आठवण नाही एवढंच. मला आजीचा गाल आठवला, आणि सतरा हा आकडा.

कधी त्या बाजूला गेलात तर चार जिने चढून वर जरूर या. दहीभात न्यायला विसरलात तरी चालेल. निघताना मात्र ‘येतो’ म्हणू नका.