कोथरूडच्या भाडेकरूस अनावृत पत्र

श्री. भाडेकरू यांस,


माझा संसार सध्या तुमच्या जिवावर चालला आहे, याची तुम्हाला कल्पना नसावी. दचकू नका, सौभाग्यवतींनाही दचकवू नका. मामला निव्वळ बत्तीस हजार रुपयांचा आहे, जे तुम्ही दर महिन्याच्या पाच तारखेला (करारात पाच, प्रत्यक्षात नऊ, अकरा, एकदा सोळा) माझ्या खात्यात भरता.

माझे यजमान ब्रिटिश नागरिक आहेत आणि मी त्यांची बायको म्हणून इथे ब्रिटनमध्ये रीडिंगला राहते. ‘म्हणून’ राहायचं तर व्हिसा लागतो. पहिला 33 महिन्यांचा मिळाला, आता पुढच्या 30 महिन्यांसाठी नूतनीकरण करायचं आहे. आम्ही खरोखर एकत्र राहतो हे दाखवायला दोन वर्षांतली सहा पत्रं पुरतात, फक्त ती किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली हवीत. कौन्सिल टॅक्सची नोटीस, विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी, झालं प्रेम सिद्ध. पैशाचं मात्र इतक्या स्वस्तात भागत नाही.

2012 च्या जुलैपासून इथे नियम आहे की परदेशी जोडीदार आणायचा तर ठरावीक उत्पन्न हवं. तेव्हा आकडा वर्षाला 18,600 पौंड होता. लोक कोर्टात गेले. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला मुलाबाळांचा विचार नीट करा म्हणून सुनावलं, पण अट ठेवली. मग 11 एप्रिल 2024 ला आकडा 29,000 झाला. खरं तर तो 38,700 पर्यंत न्यायची घोषणा झाली होती. आरडाओरडा झाल्यावर गाडी मधल्याच स्टेशनात थांबली. जून 2025 मध्ये सरकारच्याच सल्लागार समितीने 23 ते 25 हजारांतही कुटुंबाचं भागू शकतं असं सुचवलं. समित्यांचं काय होतं ते तुम्ही महाराष्ट्रात राहता, तुम्हाला काय सांगायचं.

आता हिशेब पाहा. पहिल्या वेळी यजमानांचा पगार पुरला होता. मग त्यांनी नोकरी बदलली, पगार 26,000 वर आला. माझी नोकरी सुटलेली. कमी पडले 3,000. तुमचे बत्तीस हजार गुणिले बारा म्हणजे 3,84,000 रुपये. पौंड 118 रुपयांचा धरला तर 3,254 पौंड. बेरीज 29,254. म्हणजे ब्रिटनच्या कायद्यापुढे आमचं लग्न 254 पौंडांनी टिकून आहे. पौंड 128 च्या वर गेला की तेही मोडलं, कारण रुपयाचा भाव अर्ज भरायच्या दिवशीचा धरतात. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर झालं की आमच्याकडे दोघंही टीव्हीसमोर बसतो. दुसरी जोडपी क्रिकेट बघतात.

बचतीवरही व्हिसा मिळतो, नाही असं नाही. 88,500 पौंड सहा महिने खात्यात पडून असले की पगार कोणी विचारत नाही. तेवढे असते तर मी तुम्हाला गीझरवरून पत्र लिहिलं असतं का?

तर गीझर. मार्चचं तुमचं भाडं दोन तुकड्यांत आलं: 20,000, आणि तीन दिवसांनी 10,500. वरचे 1,500 प्लंबरचे म्हणून तुम्ही परस्पर कापले आणि शेरा मारलात, ‘गीझर, ताई’. व्यवहार चोख आहे, माझी तक्रार नाही. पण अर्ज तपासणाऱ्या गोऱ्या साहेबाला करारात 32,000 दिसणार, खात्यात 30,500, आणि पुढे ‘ताई’. मी घरमालकीण आहे की तुमची बहीण, याचा वेगळा खुलासा जोडावा लागेल. दिवाळीत तर तुम्ही भाडं रोख नेऊन माझ्या आईच्या हातात दिलंत, वर चितळ्यांची बाकरवडी. आई अजून तुमचं कौतुक करते. पण नियम सांगतो की अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांचं भाडं माझ्या नावच्या खात्यात आलेलं दिसलं पाहिजे. बाकरवडीची पावती चालत नाही.

बारा महिने हा आकडाही लक्षात ठेवा, कारण आपला लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा आहे. पुण्यातला कुठला करार अकराच्या पुढे जातो? बाराव्या महिन्यात तुम्ही कुठल्या नात्याने तिथे राहिलात हे मला कागदावर दाखवावं लागेल. तेव्हा मुदत संपायच्या आत एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन येईल, त्या दिवशी कृपया लोणावळ्याला जाऊ नका.

मालकीचा पुरावाही मागतात. इकडे भूमी नोंदणी कार्यालयाचा उतारा काढला की काम होतं. परदेशातली मालमत्ता असेल तर तिकडचा तसाच कागद चालतो. आता कोथरूडमध्ये ‘तसाच कागद’ म्हणजे काय? इमारत आमची, जमीन अजून बिल्डरच्या नावावर, कन्व्हेयन्सचा विषय सोसायटीच्या दर वार्षिक सभेत चहाच्या आधी निघतो आणि चहाबरोबर संपतो. माझ्याकडे खरेदीखत आहे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे, आणि इंडेक्स टू, तो अस्सल मराठीत. इंग्रजी किंवा वेल्श सोडून इतर भाषेतल्या कागदाला भाषांतर जोडावं लागतं, भाषांतरकाराच्या सहीनिशी. मौजे, हिस्सा नंबर, चतुःसीमा हे सगळं आता रीतसर इंग्रजीत होणार. नशीब, फ्लॅट एकट्या माझ्या नावावर आहे. आईचं नाव असतं तर तिच्या वाट्याचं भाडं बेरजेतून गेलं असतं.

आणि करकपात. घरमालक परदेशात राहणारा असेल तर भाडेकरूने भाड्यातून 31.2 टक्के कर कापून सरकारजमा करायचा असतो. म्हणजे हाती 22,016. करार बत्तीस हजारांचा, खात्यात बावीस, मधले दहा कुठे गेले ते तुमच्याकडून मिळणारं करकपातीचं प्रमाणपत्र सांगणार. त्यासाठी तुम्हाला टॅन नंबर काढावा लागेल. कमी कपातीच्या दाखल्याचं मी सीएंकडे बघते आहे, तोवर टॅनचं तुम्ही मनावर घ्या.

मान्य आहे, एवढं सगळं तुम्ही का करावं? तुम्ही फ्लॅट बघायला आलात तेव्हा सोसायटीने तुमच्याकडे लग्नाचा दाखला आणि पगाराच्या तीन स्लिपा मागितल्या होत्या. सेक्रेटरी म्हणाले, “फॅमिलीच आहे ना, खात्री करून घेतो.” तुम्ही रागावून मला फोन केलात आणि मी तुम्हाला, नियम आहेत हो, म्हणून समजावलं. तो फोन विसरा अशी विनंती आहे.

काल सेक्रेटरींकडूनच कळलं की तुम्हाला बंगळुरूची ऑफर आली आहे. अभिनंदन. पण फ्लॅट एक महिना जरी रिकामा राहिला तरी आमची बेरीज 28,983 होते, आणि सतरा पौंड कमी पडले म्हणून सोडून द्या असं म्हणणारा कोणी इथे भेटत नाही. बंगळुरूचे हवापाणी चांगले आहे, पण ट्रॅफिकबद्दल तुम्ही ऐकलं असेलच.

कळावे, लोभ असावा.

तुमची घरमालकीण

ता. क. : गीझरचे पंधराशे आजच तुमच्या खात्यात वेगळे पाठवले आहेत. शेऱ्यात ‘प्लंबर’ असं लिहिलं आहे. तुम्ही मार्चचे राहिलेले पंधराशे भरताना ‘भाडे’ एवढंच लिहा. ताई नको.