आधी चाचणी करा

"पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, एवढीच तक्रार घेऊन गेलेल्या बीडच्या ऊसतोड बायकांना खासगी दवाखान्यांत हे ऐकवलं गेलं. 2019 मध्ये राज्य सरकारच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. त्यात कित्येक जणी पस्तिशीच्याही आतल्या. कर्ज काढून ऑपरेशन, आणि टाके ओले असतानाच पुन्हा फडात.

संताप याचा येतो, की या भीतीचं उत्तर शेजारच्याच जिल्ह्यात दहा वर्षं आधी मिळालेलं होतं. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या खेड्यांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांवर झालेला अभ्यास 2009 साली जगासमोर आला. मुंबईचं टाटा स्मारक आणि बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय त्यात होतं. एका गटातल्या 34 हजार बायकांची, हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठीची चाचणी एकदाच झाली, दोष सापडला त्यांच्यावर उपचार झाले. आठ वर्षांत या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं 34 जणी गेल्या. तुलनेसाठी ज्या 31 हजार जणींची चाचणी केली नव्हती, त्यांच्यातल्या 64 गेल्या. मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला हा पुरावा दिला, काहींनी प्राण देऊन. जागतिक आरोग्य संघटना आज हीच चाचणी पहिली करा म्हणते. आपल्याकडे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या शंभर बायकांत दोघींचीसुद्धा तपासणी कधी झालेली नव्हती. देशात या आजारानं वर्षाला सुमारे 80 हजार बायका मरतात.

एचपीव्हीच्या लसीबद्दल आता बरंच बोललं जातं, आणि ते चांगलंच आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस बाजारात आहे. एकच डोस पुरतो हे दाखवणाऱ्या मोठ्या अभ्यासातही बार्शी, पुणे, मुंबईच्या मुली होत्या. नऊ ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलीला ती मिळालीच पाहिजे. पण शरीरात आधीच शिरलेला विषाणू लस काढू शकत नाही. मुलीचा हात धरून केंद्रावर आलेली चाळिशीची आई तशीच परत जाते, ही आपली खरी चूक आहे. मुलीला सुई देता त्याच खोलीत आईची चाचणी करा.

"बायका लाजतात, येत नाहीत" ही सबब आता चालणार नाही. चाचणीचा नमुना बाई आडोशाला जाऊन स्वतः घेऊ शकते. मऊ टोकाची काडी, दोन मिनिटांचं काम. हा विषाणू कर्करोग घडवायला दहा-पंधरा वर्षं घेतो. त्या काळात सापडलेला बहुतेक दोष हातात धरायच्या उपकरणानं उष्णता देऊन जाळता येतो. पोट उघडायचं कारणच नाही. पिशवी वाचते, पैसा वाचतो, जीव वाचतो.

उशीर झालेल्यांसाठीही आज आशा आहे. केमो आणि किरणोपचार सुरू करण्याआधी सहा आठवडे केमोचीच साधी, जुनी, परवडणारी औषधं दिली, तर पाच वर्षांनंतर शंभरात 72 ऐवजी 80 जणी जिवंत राहतात, हे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं. आतड्यांना जपत किरण देण्याचं तंत्र टाटा स्मारकातच सिद्ध झालं आहे. पण मुंबई गाठेपर्यंतचा खर्च, बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेली पोरं यांचा हिशेब या आकड्यांत येत नाही. म्हणून आधी चाचणी.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. आरोग्य खात्यानं त्याआधी बीड आणि धाराशिवच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रावर ही चाचणी फुकट सुरू करावी. निकाल बाईच्या हातात पडावा, उपचार तालुक्यातच व्हावेत. साखर कारखान्यांनी चाचणी-उपचारांच्या दिवसांची मजुरी द्यावी. त्यांचं गाळप याच बायकांच्या कोयत्यावर चालतं. पुरावा 2009 पासून समोर आहे. पुढच्या हंगामाची वाट पाहू नका.